ग्वादलकिवीरच्या मुखाशी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हां उभयतांना स्पेनच्या प्रवासावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा माद्रिदची चित्रसंग्रहालये, ग्रानादाचा राजवाडा, बैलांच्या झुंजी असे काहीतरी आपल्या कानी पडेल अशी आपली अपेक्षा असणार. त्या सर्व गोष्टींवर उत्तम पुस्तके आहेत आणि ती लिहिणारे आमच्याहून अधिक जाणकार आहेत. आम्ही बोलणार आहोत ते एका किनाऱ्याविषयी. तेथे उपाहारगृह नाही, बसावयास बाक नाही, छत्र्या आणि खुर्च्या भाड्याने देणारा कोणी नाही. सुमारे ३० किलोमीटर लांबीची नुसती वाळू आहे. एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला वाळूच्या टेकड्या आणि शेवटी एका मोठ्या नदीचे मुख. युरोपात, आणि त्यातही स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, असे काही शिल्लक राहावे याचेच आम्हांला प्रथम नवल वाटले. ते का राहिले आणि यापुढे राहील की नाही, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

या नदीचे नाव ग्वादलकिवीर. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण त्याचा अर्थ अगदी सरळ आहे. अरबी भाषेत ‘अल्-वादी अल्-कबीर’ म्हणजे मोठी नदी. रोमन लोक तिला बेतिस म्हणत. लांबी ६५७ किलोमीटर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या निम्म्याहूनही कमी. तरीदेखील स्पेनमध्ये समुद्रातील जहाजे जिच्यातून पार आत शहरापर्यंत जातात अशी ही एकच मोठी नदी. ते शहर म्हणजे सेव्हिल. तेथे सध्या आमच्या कन्येचे बिऱ्हाड आहे, आणि आमच्या प्रवासाचे खरे कारण तेच. हुगळीच्या काठी संसार मांडलेल्या आपणां कोलकातावासी मराठी मंडळींना सेव्हिलची ठेवण समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. समुद्रापासून दूर आत वसलेले बंदर, नदीतून वर चढणारी भरती, गाळाची कायमची भीती आणि मुखाशी वाळूच्या दांड्यांवर फसणारी जहाजे, हे सारे आपल्या ओळखीचे आहे. रत्नागिरी-मालवणकडच्या मंडळींना ‘खाडी’ एवढा एक शब्द पुरे होईल. ही खाडीच, परंतु ऐसपैस.

नदीच्या मुखाशी डाव्या तीरावर सानलूकार दे बारामेदा नावाचे गाव आहे. सेव्हिलहून आम्ही तेथे ऑक्टोबर महिन्यात गेलो. उन्हाळी पाहुण्यांची गर्दी ओसरली होती. येथील ओहोटीत उघड्या पडणाऱ्या वाळूवर १८४५ पासून ऑगस्टमध्ये घोड्यांच्या शर्यती होतात. त्यांच्या वेळा घड्याळावर नव्हे, तर ओहोटीवर ठरतात, ही गोष्ट आम्हांला फार आवडली. गावाच्या ज्या भागातून पलीकडे जाणारी नाव सुटते त्याचे नाव बाहो दे गिया. ही मूळची कोळ्यांची वस्ती. आता तेथे कोळंबी खाऊ घालणाऱ्या खाणावळींची रांग आहे, आणि सानलूकारची कोळंबी स्पेनभर नावाजलेली आहे. आमच्यापैकी एकाने ती खाल्ली आणि दुसऱ्याने, चतुर्थी असल्याकारणाने, नुसती पाहिली. जवळच बर्फाच्या जुन्या कारखान्यात राष्ट्रीय उद्यानाचे माहितीकेंद्र आहे. मासळीसाठी बर्फ करणारी इमारत पक्ष्यांची माहिती सांगू लागली, एवढ्यातच या गावाचा अर्ध्या शतकाचा इतिहास आला.

पण या घाटावर उभे राहिल्यावर अर्ध्या शतकाने भागत नाही. पाच शतके मागे जावे लागते.

३० मे १४९८ या दिवशी कोलंबस आपल्या तिसऱ्या सफरीवर सानलूकारहून निघाला. हिंदुस्थानचा मार्ग आपल्याला सापडला आहे, अशी त्याची अजूनही समजूत होती. त्याच्या अवघे दहा दिवस आधी, २० मे १४९८ रोजी, वास्को द गामा कालिकतजवळ पोहोचला होता. ही वार्ता युरोपात यायला वर्षाहून अधिक काळ जायचा होता. म्हणजे ज्या देशाच्या शोधासाठी एकजण या वाळूच्या दांड्यावरून शीड उभारून पश्चिमेस निघाला, त्या देशाच्या किनाऱ्यावर दुसरा आधीच जाऊन उभा होता. शाळेत आपण या दोन्ही सनावळ्या पाठ केल्या. त्या एकमेकींच्या एवढ्या शेजारी आहेत हे आमच्या ध्यानात आले ते त्या घाटावर.

पुढे २० सप्टेंबर १५१९ रोजी मॅगेलनची पाच जहाजे येथूनच बाहेर पडली. हा मॅगेलन हिंदुस्थानला अपरिचित नव्हे. पोर्तुगिजांच्या चाकरीत असताना १५०५ मध्ये तो आल्मेइदाच्या आरमाराबरोबर मलबार किनाऱ्यावर आला होता, आणि १५०९ च्या दीवच्या आरमारी लढाईत तो होता. नंतर स्वतःच्या राजाशी बिनसल्याने तो स्पेनच्या राजाकडे गेला आणि पश्चिमेच्या वाटेने लवंगांच्या बेटांकडे निघाला. बरोबर सुमारे २४० माणसे होती. तो स्वतः फिलिपाइन्स बेटांवर मारला गेला. ६ सप्टेंबर १५२२ रोजी ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज एल्कानो नावाच्या खलाशाच्या हाताखाली या मुखात परत शिरले, तेव्हा निघालेल्यांपैकी १८ जण त्यावर उरले होते. पृथ्वीला वळसा घालून आलेले हे पहिले जहाज. सेव्हिलला उतरल्यावर ती माणसे अनवाणी, हातांत मेणबत्त्या घेऊन, नवस फेडण्यासाठी देवळांकडे चालत गेली. जहाजात लवंगा होत्या, आणि त्यांच्या विक्रीतून साऱ्या मोहिमेचा खर्च निघाला, असे इतिहासकार सांगतात. माणसांचा हिशेब त्या वहीत नव्हता.

येथे एक विषयांतर करण्याची मुभा असावी. सोळाव्या शतकात स्पेनने आपला अमेरिकेशी चालणारा व्यापार कायद्याने सेव्हिलशी बांधून टाकला होता. १५०३ साली त्यासाठी स्वतंत्र कचेरी स्थापन झाली आणि ती १७१७ मध्ये काडिसला हलेपर्यंत हाच क्रम राहिला. त्यामुळे अमेरिकेचे सोनेरुपे, तसेच तेथील कंदमुळे आणि बीबियाणे या मुखातून आत येत असत. आपल्याकडे त्यांपैकी बहुतेक वस्तू आल्या त्या पोर्तुगिजांच्या गलबतांतून, दुसऱ्या वाटेने. पण त्यांचे माहेर एकच. आता एकादशीचा फराळ आठवून पाहावा. मिरची अमेरिकेची. बटाटा अमेरिकेचा. शेंगदाणा अमेरिकेचा. साबूदाणा ज्या कंदापासून आपल्या देशात तयार होतो तो कसावाही तिकडचाच. पंढरीच्या वारकऱ्याच्या उपवासाला चालणारी खिचडी ज्ञानेश्वरमहाराजांनी कधी पाहिलीही नसेल! त्या रात्री कन्येच्या घरी आम्ही ही गोष्ट सांगितली, तेव्हा तिने शांतपणे विचारले, “मग उद्या कोणती भाजी करू?” आम्हांला उत्तर देण्यास थोडा वेळ लागला.

असो. बाहो दे गियाच्या घाटावरून एक लहानशी नाव आपल्याला काही मिनिटांत पलीकडे नेऊन सोडते. गंगासागरला जाताना मुडीगंगा ओलांडण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या तुलनेने हे काहीच नव्हे. मात्र साम्य आहे. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या सणाला एल रोसिओ या गावी मेरीमातेची मोठी यात्रा भरते. काडिस प्रांतातले यात्रेकरू बैलगाड्या, घोडे आणि आता ट्रॅक्टरसुद्धा तराफ्यांवर चढवून याच घाटावरून पलीकडे उतरतात, आणि वाळूतून, पाइनच्या वनातून गाणी म्हणत जातात. यात्रेला लाखोंनी माणसे जमतात. गाणी, गाड्या, धूळ, वाटेतले मुक्काम यांचे वर्णन ऐकताना आम्हांला आषाढातली वारी आठवली नसती तरच नवल.

पलीकडच्या टोकाला पुंता दे मालांदार म्हणतात. आम्ही उतरलो तेव्हा ओहोटी लागली होती. या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत ३ मीटरांच्या आसपास फरक पडतो. भूमध्य समुद्रावर हा प्रकार जवळजवळ नाही. त्यामुळे ओल्या वाळूचा पट्टा एवढा रुंद उघडा पडतो की पाण्यापर्यंत जाणे हीच एक रपेट होते. वाळू बारीक, पिवळसर आणि चालण्यास घट्ट. नदीच्या बाजूचे पाणी गढूळ, समुद्राच्या बाजूचे हिरवट. दोहोंची सीमा भरतीबरोबर वरखाली सरकत राहते. मागे वळून पाहिले तर सानलूकारची पांढरी घरे स्पष्ट दिसत होती. पुढे पाहिले तर काहीच दिसत नव्हते.

आवाज कोणते होते? वारा होता, लाटा होत्या. लाटेच्या काठाकाठाने पळणारे लहान पक्षी होते. लाट मागे सरली की तिच्यामागे धावायचे, पुढे आली की तिच्यापुढे धावायचे, हा त्यांचा उद्योग अखंड चालू होता. येथील चिखल्या पक्षी वसंतात उघड्या वाळूवरच अंडी घालतात. अंडी वाळूच्या रंगाची असल्याने तुडवली जाण्याचे भय असते, म्हणून त्या दिवसांत वरच्या कोरड्या वाळूवरून चालू नये. काही अंतरावर कमरेइतक्या पाण्यात दोन माणसे कमरेला पट्टा बांधून, दांतेरी फावडे वाळूतून ओढीत, उलट पावली चालत होती. ही शिंपले गोळा करणारी मंडळी. आपल्याकडच्या तिसऱ्यांच्या गोत्रातला, पण चपटा आणि लहान असा हा शिंपला आहे. त्याला तेथे ‘कोकीना’ म्हणतात. उद्यानाच्या हद्दीत हा धंदा करण्यास परवाना लागतो. कोकणात ओहोटीच्या वेळी शिंपले काढण्यास गेलेल्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या माणसांची वाकलेली पाठ निराळी वाटणार नाही. आम्ही हात हलवला, त्यांनी हात हलवला. भाषेची गरज पडली नाही.

या किनाऱ्यावर सोळाव्या शतकात बांधलेले टेहळणीचे बुरूज अंतराअंतराने उभे आहेत. उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांची गलबते दिसली की एका बुरुजावर जाळ करायचा, तो पाहून दुसऱ्यावर, अशी योजना होती. आज चाचे नाहीत, पहारेकरी नाहीत. काही बुरुजांवर बहिरी ससाणे घरटी करतात. कुलाब्याच्या किल्ल्यावर वाढलेली झाडे पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना यात दुःख करण्याजोगे काही दिसणार नाही.

किनाऱ्यामागे चालत्या वाळूच्या टेकड्या आहेत. ‘चालत्या’ हा शब्द आम्ही अलंकारिक अर्थाने वापरत नाही. समुद्रावरचा वारा त्यांना दरसाल काही मीटर आत ढकलतो. टेकड्यांच्या दोन रांगांमधल्या खोलगटात पाइनची झाडे उगवतात, मोठी होतात, आणि पाठीमागून येणारी टेकडी त्यांना हळूहळू बुंध्यापासून शेंड्यापर्यंत गिळते. टेकडी पुढे निघून गेली की वाळलेली खोडे पुन्हा उघडी पडतात. तेथील लोक त्यांना ‘क्रूस’ म्हणतात. त्यापलीकडे पाइनचे वन, आणि वनापलीकडे विस्तीर्ण दलदल. हिवाळ्यात उत्तर युरोपातली लाखो पाखरे तेथे उतरतात. रोहित पक्षी तेथे थव्यांनी असतात. शाही गरुड आणि आयबेरियन लिंक्स नावाचा ठिपकेदार रानमांजराचा मोठा भाऊ यांचेही ते आश्रयस्थान आहे. आम्हांला लिंक्स दिसला नाही. तो सहसा कोणालाच दिसत नाही, आणि ते त्याच्या हिताचेच आहे. या प्रदेशाला दोन्याना म्हणतात. मेदिना सिदोनियाच्या सातव्या ड्यूकची पत्नी दोन्या आना हिचे नाव त्याला मिळाले आहे. हाच ड्यूक १५८८ मध्ये इंग्लंडवर गेलेल्या स्पॅनिश आरमाराचा सेनापती होता. ड्यूकांची आणि राजांची शिकारीची जागा म्हणून हे रान शतकानुशतके राखले गेले. धनिकांच्या हौसेने कधीकधी असेही उपकार होतात.

विसाव्या शतकात मात्र राजांच्या शिकारीहून बलवान अशी एक शक्ती या किनाऱ्याकडे येऊ लागली. १९६० नंतर स्पेनच्या समुद्रकाठावर पर्यटनाची लाट उसळली, आणि भूमध्य समुद्राच्या कडेने पंचवीस-पंचवीस मजली इमारतींची भिंत उभी राहिली. दोन्यानाच्या पश्चिम टोकाला मातालास्कान्यास नावाची वसाहत वाळूवर बांधण्यात आली. ती आजही तेथे आहे, आणि तिच्या शेवटच्या इमारतीच्या पलीकडे एकदम काहीच नाही, हे दृश्य पाहण्यासारखे आहे. वेल्वापासून काडिसपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता न्यावा अशीही योजना होती. दुसऱ्या बाजूला होसे आन्तोनियो वाल्वेर्दे नावाचा एक प्राणिशास्त्रज्ञ उभा राहिला. त्याने आणि त्याच्या परदेशी मित्रांनी पैसा जमवून जमीन विकत घेतली. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक वन्यजीव निधीच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी हे एक. १९६९ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि १९९४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात स्थान दिले. किनाऱ्याचा रस्ता झाला नाही. सेव्हिलच्या खाली समुद्राच्या बाजूस या तीरावरून त्या तीरावर नेणारा पूल आजही नाही. सानलूकारहून मातालास्कान्यासला मोटारीने जावयाचे तर सेव्हिलवरून सुमारे २०० किलोमीटरांचा वळसा पडतो. वाळूवरून चालत गेल्यास ३०. किनाऱ्याची शांतता ज्या गैरसोयीवर टिकून आहे ती ही.

पण नुसता रस्ता अडवून भागत नाही, हे पुढच्या काळात दिसून आले. २५ एप्रिल १९९८ रोजी दूर वरच्या अंगाला अस्नालकोयारच्या खाणीचा बांध फुटला, आणि विषारी गाळ नदीवाटे उद्यानाच्या सीमेपर्यंत आला. ते संकट डोळ्यांना दिसणारे होते. माती खरवडून काढता आली. आजचे संकट दिसत नाही, कारण ते जमिनीखाली आहे. दोन्यानाची तळी आणि दलदल पावसावर आणि भूगर्भातल्या गोड्या पाण्यावर जगतात. उद्यानाभोवती, वेल्वा प्रांतात, मैलोगणती पांढऱ्या प्लास्टिकच्या आच्छादनाखाली स्ट्रॉबेरीची शेती आहे. महाबळेश्वरची टोपली हाती घेताना त्या फळाला किती पाणी लागते याचा विचार आपण करीत नाही. युरोपातले लोकही करीत नाहीत. विहिरी खोल गेल्या, त्यांतल्या पुष्कळशा बेकायदेशीर. जून २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने या उपशाबद्दल स्पेनला दोषी ठरवले. सान्ता ओलाया हे उद्यानातले मोठे कायमचे तळे ऑगस्ट २०२२ मध्ये पूर्ण आटले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा आटले. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्ही सरकारांनी १४० कोटी युरोंची योजना मान्य केली. ती कितपत साधेल हे पाहावयाचे आहे.

आम्ही येथे एकाच बाजूने बोलू इच्छित नाही. परतीच्या वाटेवर आमच्या शेजारी बसलेले एक वृद्ध शेतकरी आमच्या कन्येच्या मध्यस्थीने आमच्याशी बोलले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की परगावची माणसे येतात, पक्षी पाहतात आणि पाणी वाचवा म्हणून सांगून निघून जातात. स्ट्रॉबेरी येण्यापूर्वी आमची मुले कामासाठी जर्मनीत जात असत, ते कोणी विचारीत नाही. हे खोटे नाही. आणि त्यात आणखी एक थर आहे. आता तीच फळे खुडण्यासाठी मोरोक्कोच्या बायका दरसाल हंगामापुरत्या करारावर समुद्र ओलांडून येतात. मुले गावी ठेवून येतात. बीड-नगरकडच्या ऊसतोडीच्या कुटुंबांची ज्यांना माहिती आहे, त्यांना हे दृश्य नवे नाही. पोटासाठी घर सोडलेल्या माणसांनी भरलेल्या या सभागृहात त्या म्हाताऱ्याला ‘तुझे पाणी बंद कर’ एवढेच सांगणे आम्हांला जड जाते. तरीही आमचे मत विचाराल तर, बेकायदेशीर विहिरी बुजवल्याच पाहिजेत. कारण पाणी संपले तर प्रथम तळे जाईल आणि त्यामागोमाग स्ट्रॉबेरीही जाईल, आणि म्हाताऱ्याच्या नातवंडांना पुन्हा जर्मनीची वाट धरावी लागेल. हे आम्ही त्यांनाही बोलून दाखवले. त्यांनी मान हलवली. होकार की नकार, ते स्पॅनिश मान हलवण्याच्या आमच्या तोकड्या ज्ञानावरून ठरवता आले नाही.

व्याख्यानानंतर काहीजण विचारतील म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये जावे. उन्हाळ्यात वाळू पाय ठेवू देत नाही. पिण्याचे पाणी आणि खाण्याचे जिन्नस बरोबर न्यावेत, कारण पलीकडे काही मिळत नाही. आणि उरलेले सर्व परत आणावे. किनाऱ्यावर चालण्यास कोणाची आडकाठी नाही, मात्र टेकड्यांवर आणि वनात मनाने शिरू नये. त्यासाठी उद्यानाच्या परवानगीने निघणाऱ्या फेऱ्या आहेत. ओहोटीची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवावी. आणि शेवटची नाव केव्हा परत निघते, हे नावाड्याला उतरतानाच विचारून घ्यावे.